शिंगाळ्याचा उपास

हे मी लिहिणारच नव्हतो. एका बाईने मासा खाल्ला, यात लिहिण्यासारखं काय आहे? पुण्या-मुंबईकडे कोणी वाचलं तर म्हणेल, बरं, मग? आणि इथे कलकत्त्यात, आमच्या खिदिरपूरच्या घरात, कोणाला मराठी वाचता आलं असतं तर एव्हाना आमच्या खोलीबाहेर कुजबुज सुरू झाली असती. पण ही सगळी वरवरची कारणं. खरं कारण असं की एकदा लिहिलं की मला माघार घेता येत नाही. माझा स्वभावच तसा. मनातलं मी दहा वेळा फिरवतो, कागदावर आलेलं फिरवत नाही. म्हणून दोन दिवस टाळलं. आज ऑफिस सुटल्यावर बसलोय. हिंदी पत्रांसाठी साहेबाने नवं नागरी यंत्र घेतलंय, ते संध्याकाळी मोकळं असतं. उजव्या हाताचं पहिलं बोट अजून सुजलेलं आहे, त्यामुळे सलग टाइप होत नाही. चार ओळी भराभर हाणायच्या, मग बोट ग्लासातल्या पाण्यात बुडवून बसायचं, मग परत चार ओळी. ह्या यंत्रावर ळ नाही. म्हणजे शिंगाळा लिहायचा तर मधे जागा सोडायची आणि नंतर पेनाने ळ काढायचा. मी शाळा अर्धवट सोडली, टायपिंग एका मोडक्या यंत्रावर आपलं आपण शिकलो, तेव्हा असल्या अडचणींची मला सवय आहे.

सुरुवात बोटांवरूनच झाली. माझ्या नव्हे, आईच्या. ट्रामभाड्यावरून दंगल झाली त्याच्या पुढल्या वर्षीचा, म्हणजे हाच पावसाळा. मी जेवायला बसलो होतो. आईने भात वाढला, रुई माशाच्या तुकड्याचं कालवण वाढलं आणि पाठ फिरवली. मी पाणी मागायला मान वर केली, तर ती कोनाड्याकडे तोंड करून उभी होती आणि मासा साफ केलेल्या हाताची बोटं तिने नाकाशी धरली होती. डोळे मिटलेले. फार तर एक श्वास. मग तिने बोटं पदराला पुसली, तांब्या भरला आणि माझ्यासमोर ठेवला. "मीठ बरोबर आहे ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. पण आईच्या खाजगीतलं काहीतरी मी पाहिलं होतं. तिला न्हाताना पाहिलं असतं तरी इतकं ओशाळल्यासारखं वाटलं नसतं.

बाबा बंदरातल्या गाळ काढायच्या बोटीवर इंजिन ड्रायव्हर होते. वेंगुर्ल्याचा माणूस, समुद्र सोडून इथे गढूळ नदीवर येऊन राहिला, आणि आयुष्यभर तिच्या तळाचा गाळ उपसत बसला. गेल्या वर्षी, दुर्गापूजेच्या आधी, कामावरून आले, छातीत कळ आली, आणि संपलं. आम्हाला इथे नातेवाईक नाहीत. मराठी माणसं आहेत, पण ती भवानीपूरकडे, मोठ्या हुद्द्यांवरची. गणपतीला त्यांच्याकडे जाऊन पानसुपारी घ्यायची एवढाच संबंध. तेव्हा दुःखाच्या वेळी धावून आल्या त्या घरमालकाकडच्या बायका, आणि त्यांच्या पुढे बोडोमा. बोडोमा म्हणजे घरमालकाची थोरली वहिनी. बाराव्या वर्षी विधवा झालेली, आता सत्तरीची, वजनाने चिमणीएवढी. तिच्याइतकं प्रेमाने त्या दिवसांत आमच्याशी कोणी वागलं नाही. तिने आईला मांडीवर घेऊन थोपटलं. आणि तेराव्या दिवशी तिने आईसाठी एक नवी छोटी शेगडी आणली, दोन पितळी पातेली आणली, उकडा तांदूळ उचलून ठेवला आणि सुरय, म्हणजे बिनउकडलेल्या, तांदळाची पिशवी आणून ठेवली. विधवेची चूल वेगळी. मासा नाही, कांदा नाही, मसूरसुद्धा नाही. एकादशीला पाण्याचा थेंब नाही. बोडोमाने हे काही हुकूम म्हणून सांगितलं नाही. आंधळ्याच्या हातात काठी द्यावी तसं दिलं. आणि आईने घेतलं.

आमच्यात असलं काही नाही. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण तेव्हा मी स्वतःच बाबांच्या चपला कुठे ठेवायच्या ह्या विचारात दिवसचे दिवस घालवत होतो. आईची आई वेंगुर्ल्याला विधवाच होती. मरायच्या आदल्या दिवशी तिने पेडव्याचं तिखलं मागितलं आणि पेडवे बारीक आहेत म्हणून सुनेला शिव्या दिल्या. तिथल्या मांडवी बंदरावरच्या निम्म्या कोळणी विधवा, त्या काय मासा विकून घरी येऊन दूधभात खातात? मी बोटांचा तो प्रकार पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला हे सगळं बोलून दाखवलं.

"आजी खायची की नाही?"

"खायची."

"मग?"

"आजी वेंगुर्ल्याला होती."

"म्हणजे मासा खायला वेंगुर्ल्याला जायचं?"

"हळू बोल," आई म्हणाली. आमच्या स्वयंपाकाच्या जागेचं दार अंगणात उघडतं आणि अंगणात सगळ्या घराचे डोळे असतात. "त्यांनी मला आपली मानून सांगितलं. आता मी त्यांच्या डोळ्यांदेखत कशी खाऊ? आणि मला इच्छाही नाही."

शेवटचं वाक्य ही थाप होती. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. टाइप करताना, ट्रामच्या दांड्याला लोंबकळताना, झोपेत कूस बदलताना. आईने मासा खाल्ला पाहिजे. तेही श्रावण लागायच्या आत, कारण एकदा श्रावण लागला की तिला आणखी एक सबब मिळणार, मग गणपती, मग पितृपक्ष, मग बाबांचं वर्षश्राद्ध, आणि मग सवय. सवयीची मला भीती वाटते. बोडोमाकडे पाहिलं की सवय काय करते ते दिसतं. तिच्या मनगटावरची कातडी अशी झालीय की खालचं हाड वाचता येईल.

पण बाजारातला रुई तिच्या पुढे ठेवून काही होणार नव्हतं. रुई तिला कधीच आवडला नाही. बाबा असतानाही ती म्हणायची, ह्या माशाला शेताची चव आहे. तिला हवा असायचा शिंगाळा. मिशा असलेला, बिनखवल्यांचा, पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक असे तीन काटे असलेला समुद्राचा शिंगाळा. वेंगुर्ल्याहून आल्यावर पहिली काही वर्षं तिने त्याच्यासाठी बाबांचं डोकं खाल्लं. आणि मग एका आषाढात बाबांनी तो आणला. ह्याच नदीतला. पौर्णिमेच्या आसपास समुद्राचं पाणी नदीत उलटं घुसतं तेव्हा त्याच्याबरोबर तो वर येतो. इथले लोक त्याला गागरा म्हणतात आणि फारशी किंमत देत नाहीत. आईने त्या दिवशी तो पिशवीतून बाहेर काढून हातात धरला आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखी रडली होती. मी लहान होतो, मला वाटलं तिला काटा लागला.

मला परितोषची गरज होती. परितोष माझ्या शेजारच्या टेबलावर इंग्रजी पत्रं टाइप करतो. पूर्व पाकिस्तानातल्या बरिशालचा, पन्नास साली सगळं सोडून इकडे आला. आई आणि बहीण, दोघी विधवा, आणि तो, यादवपूरकडच्या एका कॉलनीत बांबूच्या भिंतीच्या घरात राहतात. तो मला बर्गी म्हणतो, कारण दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या घोडेस्वारांनी बंगाल लुटला, ते इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. मी त्याला बांगाल म्हणतो, म्हणजे पूर्वेकडचा गावंढळ. आमची दोस्ती ह्या दोन शिव्यांवर उभी आहे. बरिशाल म्हणजे नद्याच नद्या, त्यामुळे मासेमारीत आपल्यासारखा कोणी नाही असं तो सांगतो.

"गागरा?" तो म्हणाला. "गागरा पकडायला तुला बरिशालचा माणूस पाहिजे? हा म्हणजे तोफेने डास मारण्याचा प्रकार झाला रे बर्गी."

"येणार की नाही?"

"येणार. पण कोणासाठी?"

"आईसाठी."

तो यंत्राच्या रिबिनीशी खेळत होता. त्याचा हात थांबला. "मासिमा खातात?"

"खात नाही. खाणार आहे."

त्याने बोटाची शाई पुसली आणि रिबीन परत जागेवर बसवली. मला त्याची बहीण आठवली. अणिमा. एकदाच मी त्यांच्याकडे जेवलो आहे. पांढरं पातळ, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल, हसली की गालाला खळी पडते आणि लगेच कोणीतरी रागावल्यासारखी बुजते. ट्यांगरा माशाचं झणझणीत कालवण तिनेच केलं होतं. वाढताना तिने मला हळूच विचारलं, "मीठ बेताचं पडलंय ना? मला चाखून बघता येत नाही, नुसत्या वासावर करते." मीठ बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला दुसरा घास घेववेना. आईनेही मला हेच विचारलं होतं, हे मला इथे टाइप करताना कळतंय.

आषाढी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही मटियाबुरुजवरून होडीने पलीकडे गेलो, बोटॅनिकल गार्डनच्या खाली. तिथे एक जुना पडका घाट आहे, बाबा मला घेऊन जायचे तोच. पाऊस नव्हता, पण वर कुठेतरी आठवडाभर कोसळत होता. नदी चहाच्या रंगाची, फुगलेली, केळीची खांबं आणि जलपर्णीची बेटं वाहून नेणारी. परितोषने कॉलनीतल्या कोणाचं तरी फेकायचं जाळं मागून आणलं होतं. माझ्याकडे बाबांची गरी होती, लाकडी फिरकीवर गुंडाळलेली जाड दोरी, टोकाला शिसं आणि तीन गळ. मी त्यांना कोळंबी लावली. परितोषने पहिल्यांदा जाळं फेकलं ते गोल न उघडता पोत्यासारखं धप्पकन पडलं. "वारा आडवा आहे," तो म्हणाला. दुसऱ्यांदा ते घाटाच्या खालच्या खांबाला अडकलं. अर्धा तास तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ते सोडवत होता आणि त्या खांबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. "बरिशालला असले खांब नसतात," तो वर येऊन म्हणाला. मी हसलो नाही. मला हसायचं होतं, पण माझं सगळं लक्ष दोरीच्या त्या वेढ्याकडे होतं जो मी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाभोवती घेतला होता. बाबांनी शिकवलं होतं, काठी लागत नाही, बोट पुरे. बोटाला सगळं कळतं.

दुपार होईपर्यंत बोटाला काही कळलं नाही. पाणी ओहोटीचं होतं, समुद्राकडे ओढणारं. दोरी ताणून धरायचं, शिसं तळावरून घसरायचं, मी पुन्हा फेकायचो. डोक्यात नको ते यायला लागलं. ह्याच नदीच्या वरच्या अंगाला, निमतल्याच्या घाटावर, आम्ही बाबांची राख सोडली होती. त्या दिवशी मडकं उलटं करताना माझ्या नखात ती राहिली आणि दोन दिवस मी नखं कापली नाहीत. ती राख कुठे गेली असेल? खाली गेली असेल, ह्या घाटावरून गेली असेल, बाबांच्या त्या गाळाच्या बोटीखालून गेली असेल. कदाचित त्यांच्याच बोटीने ती गाळाबरोबर उपसली असेल. हा विचार इतका वेडगळ होता की मी मोठ्याने काहीतरी म्हणालो असणार, कारण परितोषने विचारलं, "काय?" मी म्हणालो, "काही नाही, भरती कधी?" तेवढ्यात खालून नावाड्यांच्या आरोळ्या ऐकू आल्या. "बान! बान!"

बान म्हणजे भरतीची भिंत. पौर्णिमेच्या आसपास समुद्र नदीत शिरतो तो हळूहळू नाही, एका उभ्या लाटेने. काठाच्या होड्या घाईघाईने मध्यावर निघाल्या, नाकं खालच्या दिशेने वळवून उभ्या राहिल्या. परितोषने माझा सदरा धरला. "वर चल."

"तू जा."

"अरे, येडा की काय? चल!"

मी तीन पायऱ्या वर गेलो, आणखी नाही. लांबून ती आधी एका तपकिरी रेघेसारखी दिसली, मग आवाज आला, मालगाडी पुलावरून जावी तसा, आणि मग घाट खालून कोणी खांदा दिल्यासारखा हलला. पाणी गुडघ्यांवर, मांड्यांवर, छातीला थप्पड मारून परत. मी खांबाला मिठी मारली होती. तोंडात गाळ आला, आणि त्या गाळात, खोटं सांगत नाही, मिठाची चव होती. समुद्राची. लाट गेली तेव्हा नदी उलटी वाहत होती. केळीची तीच खांबं, तीच जलपर्णीची बेटं परत वर चालली होती. जाळं गेलं होतं. परितोष वरच्या पायरीवरून रडवेल्या आवाजात ओरडत होता की आता कॉलनीत काय तोंड दाखवू. आणि मी गरी फेकत होतो. कारण बाबा म्हणायचे, भरतीचा पयला पाणी भुकेला असता, मगे नुसतो गाळ. पहिल्या पाण्यातच काय ते.

 अंगातून पाणी निथळत होतं. मी मनात म्हणत होतो, आता. आता नाही तर हे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर ती गेली, शरीराने नव्हे, पण गेलीच. आणि बोटाला कळलं. ओढ नव्हती, नुसता एक धक्का, कोणीतरी अंधारात चालताना खुर्चीवर आपटावं तसा. मी हिसका दिला. मग मात्र दोरी जिवंत झाली. बोटाची कातडी सोलत ती निघाली, परितोष "सोड, सोड, ढील दे!" म्हणत खाली धावला, त्याने मागून दोरी पकडली, आणि दोघांनी मिळून, शास्त्र सोडून, विहिरीतून बादली ओढावी तसा तो ओढून काढला. हातभर लांब. पाठ शिशासारखी निळसर, पोट पांढरं, मिशा. पायरीवर आपटला आणि बोलायला लागला. कुर्र, कुर्र. शिंगाळा पाण्याबाहेर कण्हतो, हे मी विसरलो होतो.

"हा तर खरंच गागरा!" परितोष म्हणाला, जणू आम्ही दुसऱ्याच कशासाठी आलो होतो.

मी गळ काढायला गेलो आणि वेंगुर्ल्याच्या तीन वर्षांच्या पोराने केली नसती ती चूक केली. काटे न मोडता हात घातला. कुशीचा काटा पहिल्या बोटात पेरभर गेला. कळ कोपरापर्यंत आली, मग काखेपर्यंत. पण एक गोष्ट तेव्हाही माझ्या लक्षात आली. गळ त्याच्या तोंडात नव्हता. बाहेरून, गालाला अडकला होता. तोंड त्याने गच्च मिटलेलं होतं.

घरी पोचेपर्यंत बोट वांग्यासारखं झालं होतं. आईने दारातच माझा हात पाहिला, मग ओलं पोतं पाहिलं. पोत्यातून अजून अधूनमधून कुर्र येत होतं. तिने गरम पाणी आणलं, सोसवेल त्याहून गरम, आणि माझं बोट त्यात धरून ठेवलं. "बाबांनी शिकवलान नाय तुका?" ती म्हणाली. कलकत्त्यात ती माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते, मालवणी फक्त बाबांशी बोलायची. "पयले कांटे मोडूचे. मगे हात."

"तुझ्यासाठी आणलाय."

"दिसतंय."

"खायचा तू."

तिने आणखी गरम पाणी ओतलं. माझं बोट पाण्यातच असताना ती पुन्हा शुद्ध मराठीत म्हणाली, "ह्याच नदीतला ना?"

"हो."

"ह्याच पाण्यात त्यांना सोडलं आपण."

इतके दिवस मी चुकीच्या दारावर धडका देत होतो. मला वाटत होतं अंगण, बोडोमा, लोकांचे डोळे. तेही होतं. पण त्याच्या खाली हे होतं, आणि हेच दिवसभर घाटावर माझ्या डोक्यात होतं, माझ्या नखात होतं, आणि तिच्या डोक्यात असेल असं मला एकदाही वाटलं नाही.  मी एवढंच म्हणालो, "ठेवला तर नासेल."

मासा नासू देणं तिच्या रक्तात नाही. ती उठली, विळी घेतली, तिच्या पाठीने एक-दोन-तीन काटे मोडले, कट्, कट्, कट्. मासा गप्प झाला. मग तिने तोंड उघडलं आणि थांबली. बोटं आत घातली. बाहेर आली ती अंडी. द्राक्षाएवढी, पिवळसर, एकामागून एक. तिने ती वाटीत काढली. दिव्याजवळ धरली तर काहींच्या आत काळा ठिपका दिसत होता, डोळा.

"नर आहे," आई म्हणाली. "मादी अंडी घालते नि जाते. मग हा तोंडात धरून फिरतो. पिल्लं निघून पोहायला लागेपर्यंत. तोवर काही खात नाही. खायला तोंडच कुठे मोकळं आहे?" तिने त्याच्या गालावरची जखम बोटाने चाचपली. "आमिष घेतलंच नव्हतं ह्याने."

"नाही. बाहेरून अडकला."

"उपाशीच होता." ती त्या माशाकडे पाहत राहिली. बाहेर अंगणात कोणीतरी बादली ठेवली. कोणाचं तरी पोर पाढे म्हणत होतं. "पण मगे सुटता," ती म्हणाली. "पिल्लां पोवूक लागली की सुटता त्येचो उपास. त्येकाय ठावक असता, कितके दीस." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणजे सुजलेल्या बोटाचा, मिशा फुटलेला, सव्वीस वर्षांचा माणूस, तिच्यासमोर पाटावर बसलेला. काय दिसलं तिला कोण जाणे. ती एकदम हसली. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग पदर तोंडाशी.

"काय झालं?"

"जन्मभर त्यांनी मासे खाल्ले," ती म्हणाली, आणि तिला पुढचं बोलवेना. "जन्मभर... आणि आता माशांनी... फिटंफाट झाली रे, श्याम!"

मीही हसलो. इतकं वाईट बोलणं आमच्या घरात वर्षभरात कोणी बोललं नव्हतं. दोघं हसत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाबा असते तर सगळ्यांत मोठ्याने तेच हसले असते.

अंडी तिने शिजवली नाहीत. म्हणाली, सकाळी घाटावर सोड. मी म्हणालो, मेलीत ती. म्हणाली, ठाऊक आहे मला. मासा मात्र तिने केला, वेंगुर्ल्यासारखा, त्रिफळं घालून. ती पुडी वर्षभर डब्यात तशीच होती. दोन ताटं वाढली. डोकं स्वतःला घेतलं. आणि मग, बसायच्या आधी, ती उठली, अंगणाकडचं दार लावलं आणि कडी घातली. मग खाल्लं. घाईने नाही. एकेक हाड बाजूला करत, चोखत, रागावल्यासारखी. मी माझं जेवण विसरून बघत होतो. "जेव," ती म्हणाली. मीठ कसं आहे हे तिने विचारलं नाही.

मी जिंकलो असं मला वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, झोपेपर्यंत. पण पडल्या पडल्या त्या कडीचा आवाज पुन्हा पुन्हा कानात यायला लागला. आई चोरून जेवली. पन्नाशीच्या, कोणाचं काही न घेतलेल्या बाईला स्वतःच्या घरात चोरासारखं जेवावं लागलं. सकाळी बोडोमा अंगणात भेटली. तिला वास आला नसेल हे शक्य नाही, त्रिफळांचा वास भिंतीला ऐकत नाही. तिने माझं बोट हातात घेतलं, फुंकर घातली आणि इतकंच म्हणाली, "तुझी आई काल हसत होती. पुष्कळ दिवसांनी ऐकलं." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं त्याचं नाव मला माहीत नाही. मी मान खाली घालून घाटाकडे निघालो, हातात वाटी.

ऑफिसात मी परितोषला सगळं सांगितलं. अंडी, हसणं, फिटंफाट, सगळं. मला वाटलं तो टेबलावर हात आपटेल. तो ऐकत राहिला, मग त्याने यंत्रात कागद घातला आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जाळ्याचा राग असेल म्हणून मी गप्प बसलो. काल झालं हे. आज सुटताना, जिन्यात, त्याने मला गाठलं. बाकीचे उतरून जाईपर्यंत थांबला.

"मासिमांनी खाल्लं. खरंच?"

"डोक्यासकट."

"कोणी पाहिलं?"

"मी."

"दार लावलं होतं म्हणालास."

"हो."

तो जिन्याच्या कठड्याला टेकला. "काल मी दीदीला सांगितलं. तुमच्याकडचं. मला वाटलं तिला गंमत वाटेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, त्यांच्यात चालत असेल. मी म्हणालो, हो, त्यांच्यात चालतं. मग ती म्हणाली..." तो थांबला. जिन्यात कोणी उरलं नाही ना, ते त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं. "म्हणाली, 'मला एकदा बघता येईल का रे? विधवा बाई मासा खाते ते. ती खाते तेव्हा काय होतं ते.' बस. एवढंच. परत तांदूळ निवडायला लागली. चोवीस वर्षांची आहे ती, श्याम."

त्याने मला बर्गी म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

 आईला हे कसं सांगायचं? जिने आपल्या घरात कडी लावली तिला म्हणायचं, चल, परक्या घरी, दोन विधवांच्या समोर, त्यांच्या ताटात जेव? बोडोमाचं काय? कॉलनीतल्या बायका काय म्हणतील, परितोषची आई उठून निघून गेली तर? आई नाही म्हणेल. नक्की नाही म्हणेल. आणि मग पुन्हा म्हणेन मी, आणि पुन्हा. पहिलं पाणी भुकेलं असतं. श्रावण लागायला दोन आठवडे आहेत, आणि मधे रविवार एकच, कारण पुढचा अमावास्येचा, त्या दिवशी आई घराबाहेर पडत नाही.

"मला शब्द दे," परितोष म्हणाला. "जमलं तर बघतो, असलं सांगू नकोस. नाही जमणार तर आत्ताच सांग, मी काही मनात धरणार नाही."

विचार करायला मी वेळ मागितला नाही. तो ट्रामकडे गेला आणि मी वर येऊन हे यंत्र उघडलं, कारण जिन्यात दिलेलं उत्तर मला कागदावर हवं होतं. बोट ठणकतंय, तरी त्याच बोटाने टाइप करतोय.

"दिला," मी म्हणालो. "रविवारी आईला घेऊन येतो. मासा अणिमादीला करायला सांग. आणि तुमच्या दाराला कडी लावायची नाही."